मेक्सिको समजून घेताना: मका, भिशी आणि गेलेली माणसं

अगावे

ग्वादालाहारा, मोंतेरे, केरेतारो या शहरांत नोकरीसाठी येणारी मराठी माणसं आता बऱ्यापैकी दिसतात. येण्याआधी प्रत्येकाचे प्रश्न दोनच: तिथे सुरक्षित आहे का, आणि शाकाहारी माणसाचं कसं होतं? दोन्ही रास्त आहेत, खाली त्यावर बोलूच. पण तेवढ्यावर हा देश कळत नाही. मी इथे बरीच वर्षं राहते, आधी ग्वादालाहाराला, आता मेक्सिको सिटीत. या समाजाबद्दल एकच गोष्ट सांगा म्हणालात तर मी म्हणेन, इथे माणसं एकमेकांचं देणं लागतात आणि ते देणं पुरतं फिटू नये अशीच सगळ्यांची धडपड असते.

सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे तांदा. ही सरळसरळ आपली भिशी. ऑफिसातल्या, गल्लीतल्या, मंडईतल्या दहा-बारा जणींनी दर पंधरवड्याला ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठ्या काढून नंबर लावायचे, ज्याचा नंबर त्याला सगळी रक्कम. कागद नाही, सही नाही. जी बाई तांदा चालवते तिचा शब्द हीच हमी. कोणी मधेच पैसे थांबवले तर ती स्वतःच्या खिशातून भरते, कारण एकदा शब्द गेला की पुढच्या वेळी तिच्याकडे कोणी येत नाही. घरावरचा स्लॅब, दाताचं काम, मुलाची फी, असे खर्च यातून निघतात. घरात आजारपण आलं तर आपला आधीचा नंबर दुसरीला देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

दुसरं म्हणजे कोंपाद्रे. मुलाच्या बाप्तिस्म्याला जे जोडपं पाद्रिनो-माद्रिना, म्हणजे धर्मपिता-धर्ममाता, होतं, त्यांचं मुलाशी नातं जडतं हे आपल्याला माहीत असतं. इथे त्याहून मोठं नातं जडतं ते त्या जोडप्याचं आणि मुलाच्या आईबापांचं. ते एकमेकांचे कोंपाद्रे आणि कोमाद्रे होतात, आणि हे नातं कित्येकदा सख्ख्या भावापेक्षा जड असतं. मुलगी पंधरा वर्षांची झाली की किन्सेआन्येरा होते. तो समारंभ आईबाप एकट्याच्या बळावर क्वचितच करतात. केकचे पाद्रिनो वेगळे, पोशाखाचे वेगळे, बँडचे वेगळे. खर्च वाटला जातो, आणि ज्यांनी वाटून घेतला त्यांच्या घरी कार्य निघालं की यांनी उभं राहायचं असतं.

ऑफिसातही हेच. ६ जानेवारीला रोस्का दे रेयेस नावाचा गोल, मधे पोकळ असलेला गोड पाव कापतात. आत बाळ येशूच्या छोट्या बाहुल्या लपवलेल्या असतात. ज्याच्या तुकड्यात बाहुली निघाली त्याने २ फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, खाऊ घालायचे. तोंडातला घास थांबवून लोक सुरीकडे बघत असतात.

विचारा, सांगते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घाला.

नीलमोहर

फार छान धागा. खाण्याबद्दल सविस्तर लिहा ना. आम्ही अंडंही खात नाही.

अगावे

@नीलमोहर, नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. दोन गोष्टी नावानिशी विचारायच्या: मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, आणि काल्दो दे पोयो, म्हणजे कोंबडीचं पाणी. परतून घोटलेल्या घेवड्यात मांतेका असू शकते, तामालेसच्या पिठात तर बहुधा असतेच. लाल भात पुष्कळ ठिकाणी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. एकदा हे विचारायची सवय लागली की पुढे अडत नाही, कारण इथलं जुनं, गावाकडचं खाणं मुळात मका, घेवडा, भोपळा, मिरची आणि रानभाज्यांचं आहे.

मंडईत जा. निवडुंगाची कोवळी पानं काटे तासून विकायला ठेवलेली असतात, त्यांना नोपाल म्हणतात. भाजून किंवा उकडून खातात, थोडी भेंडीसारखी बुळबुळीत. भोपळ्याच्या फुलांचं सारण भरलेली केसादिया, म्हणजे मक्याच्या पोळीची घडी, मिळते. मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, वित्लाकोचे, इथे आवडीने खातात, आणि खरंच चवीला उत्तम लागते. निळ्या मक्याचा, आत घेवडा भरलेला लांबोडका त्लाकोयो रस्त्याच्या कडेला तव्यावर भाजत असतात. वर नोपाल आणि साल्सा. पोटभर जेवण झालं.

रानभाज्यांना केलितेस म्हणतात. त्यात वेर्दोलागा म्हणून जी जुडी दिसते ती आपली घोळ. किंतोनिल म्हणजे राजगिऱ्याच्याच कुळातला पाला, शिजवला की थेट माठ. सरबतांत आग्वा दे हमाइका मागा. ती लाल अंबाडीच्या बोंडांची असते. गाळून उरलेला चोथा कांद्यावर परतून टाकोत भरतात, तोही करून बघा.

आणि उपवासवाल्यांसाठी: राजगिरा मूळचा इकडचाच. सोचिमिल्कोजवळ तुल्येवाल्को नावाचं गाव आहे, तिथे राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पिलोन्सियोत, म्हणजे इथल्या गुळात, वळून वड्या थापतात. आलेग्रिया त्यांचं नाव. हातात घेतली तर आपल्या राजगिऱ्याच्या वडीपासून वेगळी ओळखता येणार नाही. आस्तेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून नंतर त्या प्रसादासारख्या वाटून खात. १५२१ मध्ये स्पेनने आस्तेकांना हरवलं, आणि स्पॅनिश पाद्र्यांना हे अजिबात रुचलं नाही, त्यांनी त्या पूजा मोडून काढल्या आणि राजगिऱ्याची शेतीही मागे पडली. पीक तगलं ते अशा चार गावांतल्या लोकांनी धरून ठेवलं म्हणून.

पाटावरवंटा

मक्याबद्दल थोडी भर. तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी असं आपण म्हणतो, पण आपल्याकडच्या मक्याच्या पिठाची तोर्तिया होत नाही. मधली पायरी महत्त्वाची आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम चुना, आणि रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी दाणा पिवळाधमक होतो, साल बोटांनी चोळली की सुटते. धुवून ओलाच दळायचा. त्या दाण्याला निश्तमाल म्हणतात आणि दळलेल्या गोळ्याला मासा. चुन्यामुळे पीठ चिकट होतं, म्हणून तोर्तिया तुटत नाही आणि कोमालवर, म्हणजे तव्यावर, टम्म फुगते. पूर्वी हे दळण मेताते नावाच्या तिरप्या दगडी पाट्यावर बायका गुडघ्यावर बसून करत, रोज काही तास.

याचा दुसरा फायदा पोटाशी निगडित आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला मिळत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि मक्यावर जगणाऱ्या इटली-स्पेनच्या गरिबांत पेलाग्रा पसरला: कातडी सोलवटणं, जुलाब, शेवटी बुद्धिभ्रम. मेक्सिकोत हजारो वर्षं मका खाऊनही तो तसा पसरला नाही. आपल्या दख्खनमध्येही निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्यांत पेलाग्रा दिसत असे, त्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांनी काम केलं होतं.

वर्धाकर

मक्याचा विषय निघालाच आहे तर पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचं नाव यायलाच हवं. आमच्या वर्ध्यात जन्मलेला हा क्रांतिकारक. गदर चळवळीत होते, इंग्रज सरकार मागावर असल्याने देशोदेशी फिरत राहिले, आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवू लागले. मक्याच्या जातींवर, मका आणि त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांच्या संकरावर त्यांनी काम केलं. मेक्सिकोतल्या क्रांतीनंतर जमीन मिळालेल्या पण शिक्षण नसलेल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या करण्यात ते पुढे होते. त्यांच्या प्रयोगांची छायाचित्रं तिना मोदोत्ती यांनी काढली आहेत. दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी चित्रं रंगवली, त्यांतल्या एका चित्रात टेबलाशी बसून भाकर मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असं मानलं जातं.

स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा बसला. विदर्भात कितीजणांना हे माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात एक धडा तरी असावा असं मला मनापासून वाटतं.

अगावे

@वर्धाकर, खूप आभार. ती चित्रं आता सहज बघता येतात. इमारत मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात, सोकालो चौकाच्या जवळ आहे, आणि २०२४ पासून तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे.

दूरदेशी

धागा वाचनीय आहे, पण मला एक बाजू मांडायचीच आहे. मी मोंतेरेत काम केलं आहे. हे सगळं प्रेमाचं देणं-घेणं ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन सरकारने सोडून दिलेली आहे. बँक गरिबाला उभं करत नाही म्हणून तांदा. पोलिसांवर भरवसा नाही म्हणून कोंपाद्रे. १९९४ मध्ये अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार लागू झाला, तिकडचा अनुदानावरचा स्वस्त मका येऊ लागला, लहान शेतकरी मोडला आणि सीमा ओलांडून गेला. करार लागू झाला त्याच दिवशी, १ जानेवारीला, दक्षिणेकडच्या चियापास राज्यात झापातिस्तांनी, म्हणजे तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेने, बंड केलं, ते उगाच नाही. आजही कित्येक गावांचे संसार उत्तरेतून येणाऱ्या डॉलरवर चालतात.

रंगाचंही बघा. टीव्हीवरच्या मालिकांत आणि जाहिरातींत गोरे चेहरे, धुणीभांडी करणाऱ्या बायका सावळ्या, बहुतेक गावाकडच्या आदिवासी. मंडईत विक्रेती गिऱ्हाइकाला खूष करायला "ग्वेरा", म्हणजे गोरी, अशी हाक मारते, मग ती बाई कितीही सावळी असो. आणि बेपत्ता माणसं. नोंद झालेल्या बेपत्तांचा आकडा मे २०२२ मध्ये १ लाखाच्या वर गेला. नव्या येणाऱ्यांना हे सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहतं.

मुळशीकर

+१. मला पण हाच प्रश्न होता.

अगावे

@दूरदेशी, तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि लिहिलंत हे बरं झालं. सरकार हात वर करतं म्हणून माणसांना एकमेकांना धरून राहावं लागतं, हे मला मान्य. फक्त, गरजेतून सुरू झालं म्हणून ते कमी मोलाचं ठरत नाही, असं माझं मत आहे.

बेपत्तांबद्दलच बोलू. पोलीस शोधत नाहीत म्हणून आया शोधतात. माद्रेस बुस्कादोरास, शोधणाऱ्या आया, अशी त्यांची पथकं देशभर आहेत. कुणी निनावी खबर दिली की फावडी, कुदळी घेऊन त्या माळरानावर जातात. हातात लोखंडी सळई असते. संशय येईल तिथे ती हातोड्याने जमिनीत ठोकायची, बाहेर काढायची आणि टोकाचा वास घ्यायचा. खाली देह असेल तर वासाने कळतं. या बायका आधी शिवणकाम करणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, शिक्षिका होत्या. स्वतःचा मुलगा सापडला तरी बऱ्याच जणी थांबत नाहीत, दुसरीच्या मुलासाठी जात राहतात. त्यांच्यातल्या काहींचे खून झाले आहेत. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आयोत्सिनापाच्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेचे ४३ विद्यार्थी नाहीसे झाले, त्यांचे आईबाप अजून दर महिन्याच्या २६ तारखेला रस्त्यावर उतरतात. या लोकांपुढे मी मान झुकवते.

भूकंपाचंही तसंच. १९ सप्टेंबर १९८५ ला सकाळी शहराचा मधला भाग कोसळला. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेली आहे, त्यामुळे धक्का इथे कित्येक पटींनी वाढतो. सरकार कोड्यात पडल्यासारखं बसून राहिलं आणि साध्या तरुणांनी ढिगाऱ्यात शिरून माणसं काढली. त्यांचं पुढे तोपोस नावाचं बचावपथक झालं, ते आज परदेशातही जातं. तेव्हापासून त्या तारखेला दरवर्षी सराव होतो. २०१७ मध्ये सकाळी ११ ला सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमाराला खरा भूकंप, ७.१ चा. समुद्रकिनाऱ्याकडे भूकंप झाला तर तिथली यंत्रं शहराला साधारण मिनिटभर आधी भोंगा देऊ शकतात. त्या दिवशी केंद्र शहराच्या जवळ होतं, भोंगा आणि हादरा जवळजवळ बरोबरच आले.

मी तेव्हा इथेच होते. संध्याकाळपर्यंत आमच्या भागातल्या पडलेल्या इमारतीपुढे रांगा लागल्या होत्या. मलब्याच्या बादल्या या हातातून त्या हातात. कुणी मूठ वर केली की मागची मूठ वर, तिच्या मागची वर, आणि अख्खा रस्ता चिडीचूप. ढिगाऱ्याखालून आवाज येतो का ते ऐकायला. मग मुठी खाली, पुन्हा बादल्या. कोपऱ्यावरच्या बायका घरून सँडविचं करून आणत होत्या. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही.

बाकी सुरक्षिततेचं उत्तर राज्यागणिक, कधी तर वस्तीगणिक वेगळं आहे. स्थानिकांना विचारा आणि ते "तिथे रात्री नको" म्हणाले तर वाद न घालता ऐका.

मुळशीकर

नोव्हेंबरमधल्या त्या मृतांच्या सणाबद्दल सांगाल का? आपल्या पितृपक्षासारखा आहे म्हणतात.

अगावे

@मुळशीकर, साम्य आहे: गेलेल्यांच्या आवडीचं रांधायचं, त्यांनी येऊन घ्यायचं. भाव मात्र वेगळा. पितृपक्षात आपण शुभकार्य टाळतो, इथे ते दिवस घरात पाहुणा येणार म्हणून लगबगीचे असतात. १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा.

घरात ओफ्रेंदा मांडतात. टेबलावर पायऱ्या करून फोटो, मेणबत्त्या, लांबून चालत येणार म्हणून पाण्याचा पेला, मीठ, कोपालचा धूप, आणि ज्याला जे आवडायचं ते: कुणाला मोले हा मिरचीमसाल्याचा दाट रस्सा, कुणाला बिडी-सिगारेट, कुणाला विशिष्ट कंपनीचं कोला. दारापासून फोटोपर्यंत सेंपासुचिलच्या पाकळ्यांची वाट घालतात, रंग आणि वासावरून रस्ता सापडावा म्हणून. सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडू. तो मूळचा इथलाच, आपल्याकडे नंतर आला.

ओफ्रेंदावर फोटो कुणाचे लावायचे याचेही वाद होतात. घरी न बोलता गेलेल्या बापाचा लावायचा का? आमच्या शेजारच्या आजी नवऱ्याचा फोटो लावतात आणि शेजारी त्याच्या दुसऱ्या बाईचाही, कारण "तिच्या माणसांपैकी लावणारं कुणी उरलेलं नाही." मी हे ऐकलं तेव्हा मला या सणाचा अर्थ लागला.

बघायला यायचं असेल तर मेक्सिको सिटीतली मोठी मिरवणूक २०१६ पासूनची, आधीच्या वर्षी आलेल्या एका बाँडपटातल्या दृश्यावरून सुरू झालेली. ती बघा, पण रात्र मिस्किकच्या किंवा पात्स्क्वारो तळ्याकाठच्या स्मशानात काढा. कुटुंबं थडग्यांपाशी मेणबत्त्या लावून, घोंगड्या पांघरून, रात्रभर गप्पा मारत बसतात. फोटो काढण्याआधी विचारा.

नीलमोहर

दुसऱ्या बाईच्या फोटोची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं.

दूरदेशी

वाहाका राज्याबद्दलही लिहायला हवं. तिथल्या ५७० नगरपालिकांपैकी ४०० हून जास्त ठिकाणी पक्षाच्या तिकिटावर निवडणूक होत नाही, गावसभेत जुन्या रिवाजाने कारभारी ठरतात. तेकियो म्हणून प्रथा आहे: रस्ता, पाण्याची लाइन, शाळेची भिंत, यासाठी प्रत्येक घराने बिनपगारी काम द्यायचं. अमेरिकेत गेलेल्यांनाही यातून सुटका नाही, ते पैसे पाठवतात किंवा आपल्या जागी माणूस लावतात. काही गावांत बायकांना सभेत मत नव्हतं, त्यावरून मोठे झगडे झाले आहेत, तेही नोंदवून ठेवतो. पण गावचं काम आपलं काम, ही समज मी इतकी पक्की दुसरीकडे पाहिली नाही.

सातारी कंदी

माझी केरेतारोला बदली होते आहे. पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत. रोजच्या वागण्यात काय सांभाळावं?

अगावे

@सातारी कंदी, अभिनंदन. नमस्कार-चमत्कार फार सांभाळा. दुकानात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात शिरताना "ब्वेनास तार्देस" (शुभ दुपार) म्हणायचंच, कुणी ओळखीचं नसलं तरी. खानावळीतून उठताना शेजारच्या टेबलाला "प्रोवेचो", म्हणजे सावकाश जेवा, म्हणतात. ऑफिसात तुम्हाला "इंजे" म्हणतील, इंजिनियरचं लाडकं रूप, त्यात आदर असतो. वयाने मोठ्यांना उस्तेद, म्हणजे "आपण", वापरा. "आओरिता" म्हणजे आत्ता असं शब्दकोश सांगतो, पण ते पाच मिनिटांत, संध्याकाळी किंवा कधीच नाही, यातलं काहीही असू शकतं. तोंडावर नाही म्हणणं इथे उद्धटपणाचं धरतात. जेवणाची मुख्य वेळ दुपारी २ ते ४, त्या वेळात कुणाकडून तातडीच्या उत्तराची अपेक्षा नको.

घर बघताना गच्चीवर पाण्याची टाकी आणि खाली हौद आहे का ते बघा, पाणी रोज येईलच असं नाही. प्यायला २० लिटरचा गार्राफोन घरपोच मिळतो. काही वस्त्यांत कचरागाडीच्या आधी माणूस घंटा वाजवत जातो, घंटा ऐकली की पिशवी घेऊन खाली.

मुलीची काळजी करू नका, पोरं पटकन सामावून घेतात. वर्गातून वाढदिवसाची बोलावणी येतील. दिलेल्या वेळेच्या तासभर उशिरा गेलात तरी चालतं, आणि तुम्ही दोघांनीही थांबायचं असतं, मुलीला सोडून निघून गेलेलं बरं दिसत नाही. पिन्याता, म्हणजे टांगलेली, खाऊ भरलेली कागदी बाहुली, फोडताना सगळे गाणं म्हणतात, ते तिला आधी शिकवून ठेवा. निघताना यजमानीण केक, भात, जे उरलं असेल ते बांधून हातात देईल. त्याला इताकाते म्हणतात. नको म्हणू नका.

सातारी कंदी

फार मदत झाली, ताई. व्हिसाचं काम मार्गी लागलं की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.